काडीचं वय, खुंटाचं वय: कलम लवकर का फळतं आणि कधी फसतं

कोकणात हापूसच्या झाडाला कोणी झाड म्हणत नाही. 'आमची पन्नास कलमं आहेत' म्हटलं की पन्नास हापूस समजायचे. रायवळ मात्र झाडच राहतं. बाठ्यातून उगवलेलं रायवळ फळाला यायला सात ते दहा वर्षं घेतं. हापूसचं कलम लावल्यावर दुसऱ्याच थंडीत, माणसाच्या कमरेलाही लागत नाही तेव्हा मोहोर काढून दाखवतं. जमीन तीच, पाऊस तोच, खालचा खुंट, म्हणजे मुळं देणारं रोप, तोसुद्धा रायवळचाच. फरक आहे तो वर बांधलेल्या चार-पाच इंचांच्या काडीचा.

नव्याने बाग करणाऱ्याने ही गोष्ट आधी नीट समजून घ्यावी, कारण कुठलं रोप घ्यायचं, काडी झाडाच्या कुठल्या भागातली घ्यायची, मोहोर कधी खुडायचा हे सगळं तिच्यावरून ठरतं.

झाड वयात येतं म्हणजे काय

बी रुजल्यावर झाडाची काही वर्षं अशी जातात की त्याला कितीही खत घाला, ताण द्या, फूल येत नाही. ही बाल्यावस्था. वयात आल्यावरच ते ताण, थंडी, खत यांना फुलून उत्तर देतं. पानांत बालपणी भरपूर असणारा एक बारीक आरएनए, मायक्रो-आरएनए १५६, वयाबरोबर कमी होत जातो आणि त्याने दाबून ठेवलेली फुलण्याची यंत्रणा मोकळी होते, असं आता कळलेलं आहे. हापूसला एक वर्षाआड फळ येणं हा यातला प्रकार नव्हे. ते वयात आलेल्याच झाडाचं दुखणं आहे, त्याचे उपाय वेगळे.

बालपण डोळ्यांनीही दिसतं. फणसाचं बियांचं रोप पाहा: सुरुवातीच्या काही पानांना खोल खाचा असतात, मोठ्या झाडाची पानं मात्र अखंड, लंबगोल. डोंगरउतारावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप आधी खऱ्या बाभळीसारखी पिसांची पानं काढतं आणि मग देठच रुंद होऊन पानाचं काम करू लागतो. बियांच्या कागदी लिंबाला लांब काटे असतात, गुटीच्या (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेल्या) झाडाला बरेच कमी.

आता यातली सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट. बियांपासून वाढलेल्या झाडात बुंधा वर्षांनी सर्वांत जुना, शेंडा सर्वांत नवा. पण वयात येण्याच्या हिशेबाने बुंधा बाळ राहतो आणि शेंडा प्रौढ होतो. बुंध्याजवळून फुटलेला धुमारा पुन्हा लहान झाडासारखा वागतो: सरळ वाढतो, सहज मुळं धरतो, लवकर फुलत नाही. शेंड्याकडची काडी लवकर फुलते, पण मातीत खोचली तर मुळं धरायला तयार नसते. मोठ्या आंब्याची छाट काडी वाफ्यात खोचून कोणाची बाग झालेली नाही, ती यामुळेच. म्हणून कलम. फुलायला तयार असलेल्या पण मुळं न धरणाऱ्या काडीला आपण कोवळ्या खुंटाची मुळं उसनी देतो. खुंटाचं बालपण वर चढत नाही, काडीचं प्रौढपण खाली उतरत नाही. ठेंगणा खुंट वापरला तर झाड लहान राहून थोडं लवकर धरतं, पण काडी वयात आलेली नसेल तर तिला तो वयात आणू शकत नाही.

हेच पिकाच्या नव्या जाती काढणाऱ्यांना छळतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला 'रत्ना' १९८१ साली प्रसारित झाला, आणि रत्ना व हापूसच्या संकरातला 'सिंधू' १९९२ साली. संकराचं प्रत्येक बी नवं बाळ असतं. ते वयात येईपर्यंत फळाची चव कळत नाही. एकदा चांगलं निघालं की मग त्याची कलमं, आणि पुढच्या बागायतदाराला तो थांबा नाही.

मातृवृक्ष मे महिन्यात, काडी जुलैत

बहुतेक नवखे इथे चुकतात. कलमं पावसात होतात, म्हणून झाडही पावसात शोधायला निघतात. जुलैत सगळे आंबे सारखेच हिरवे दिसतात. पंधरा-वीस वर्षांचं, दर हंगामात समाधानकारक फळणारं झाड एप्रिल-मेमध्ये फळं अंगावर असताना हेरा आणि बुंध्यावर रंगाचा पट्टा मारून ठेवा. एकाच हंगामावरून नव्हे, दोन-तीन हंगाम बघून झाड निवडलं तर आणखी बरं.

काडी घ्यायची ती झाडाच्या बाहेरच्या बाजूची, उन्हातली, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलएवढी जाड. पानं गडद हिरवी झालेली, शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नसावा. मोहोर येऊन गेलेली काडी घेऊ नका. तिच्या टोकाचा डोळा मोहोरातच संपलेला असतो. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर सुसाट गेलेली, लांब पेरांची वांझ फूटही नको. ती जोमदार दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्यावर मोहोर उशिरा येतो.

काडी कापण्याआधी सात ते दहा दिवस तिची पानं झाडावरच छाटून टाका, पानांचे देठ मात्र ठेवा. अन्न पानांकडे न जाता डोळ्यात साठतं, देठ आपोआप गळतात आणि डोळा फुगतो. मग दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची काडी सकाळी कापायची. त्याच दिवशी बांधणं उत्तम. नाहीच जमलं तर ओल्या फडक्यात, वरून केळीच्या सोपात गुंडाळून सावलीत ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. पाण्यात बुडवून ठेवू नका, कुजते.

रोपवाटिका आपल्याच दोन-तीन वर्षांच्या कलमांवरून काड्या काढतात, तेव्हा 'ही तर बाळकलमाची काडी' अशी शंका येते. वयाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, कलमाचं कलम केलं तरी काडी प्रौढच राहते. प्रश्न वेगळा आहे: त्या लहान कलमाने अजून फळ दाखवलेलं नसतं, त्यामुळे जात खरी आहे की नाही हे केवळ विश्वासावर असतं. मूळ झाड कुठलं, एवढं जरूर विचारा.

कोय कलम, टप्प्याटप्प्याने

आंब्याच्या कोयी वाळवून ठेवता येत नाहीत. महिन्याभरात त्यांची उगवण मरते. गर काढला की आठवड्याच्या आत पेरायच्या.

१. कोयी धुवून पाण्यात टाका. तरंगणाऱ्या फेकून द्या.

२. साधारण एक मीटर रुंद, वीतभर उंच वाफा करा. माती भुसभुशीत, तीत कुजलेलं शेणखत. कोयीची बाकदार पोटाची बाजू खाली ठेवून ओळीने लावा, वर पातळ माती आणि पेंढा. उताणी किंवा आडवी लावली की रोपाचा देठ, म्हणजे कोवळं खोड, वाकडा निघतो आणि वाकड्या देठावर पाचर नीट बसत नाही.

३. दोन-तीन आठवड्यांत उगवतात. देठ व पानं तांबूस, लुसलुशीत असतात ते आठ ते पंधरा दिवस कलमाचे. देठ हिरवा झाला की ती वेळ गेली. तांबूस देठात पेशी झपाट्याने वाढत असतात, म्हणून सांधा पटकन जुळतो.

४. रोप कोयीसकट अलगद उपसा. कोय तुटली तर रोपाची शिदोरी गेली. नव्या पानांची सोय होईपर्यंत ते तिच्यावरच जगतं. मुळं धुवून, एक लिटर पाण्याला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या द्रावणात पाच मिनिटं बुडवा. काड्याही त्याच द्रावणातून काढा.

५. कोयीपासून सहा ते आठ सेंटिमीटरवर देठ आडवा छाटा आणि मधोमध चार-पाच सेंटिमीटरचा उभा काप द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे उतरते काप देऊन पाचर करा. काप एका ओढीत, धारदार चाकूने. दोनदा घासलेला काप खडबडीत राहतो आणि मध्ये हवा राहते.

६. पाचर बसवा. जाडी सारखी असेल तर दोन्ही कडा जुळतील. नसेल तर एका बाजूची साल सालीला लावा. मधोमध बसवलेली काडी वरून हिरवी राहते आणि पंधरा दिवसांनी सुकते.

७. दोन सेंटिमीटर रुंदीच्या, २०० गेजच्या पॉलिथिन पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा.

८. लाल माती आणि कुजलेलं शेणखत तीनास एक भरलेल्या, तळाशी भोकं पाडलेल्या पिशवीत लावा. सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे.

पिशव्या आडोशाला ठेवा. कोकणचा दमटपणा कलमाला पोषक, पण सरळ धार सांध्यावर पडली तर पाणी पट्टीत शिरतं आणि सांधा काळा पडतो. पागोळ्यांखाली तर नकोच. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. पट्टी अडीच-तीन महिन्यांनी सोडा. ती विसरली तर खोडाला आवळते आणि वर्षभराने वाऱ्याने कलम नेमकं तिथेच मोडतं. जून-जुलैची कलमं सर्वांत चांगली लागतात. ऑगस्टनंतर टक्का घसरतो.

काजू

काजूला हीच कल्पना मृदकाष्ठ कलमाने, म्हणजे कोवळ्या लाकडावर काडी बांधून. बी पिशवीतच रुजवतात, खुंट दीड-दोन महिन्यांचा झाला की शेंडा छाटतात, खालच्या दोन पानजोड्या ठेवतात. काडी न मोहोरलेल्या बाजूच्या फांदीची, तीन ते पाच महिन्यांची, दहा-बारा सेंटिमीटर. पाचर जरा लांब, सहा-सात सेंटिमीटर, कारण काजूचं लाकूड मऊ असून सांध्याला जास्त आधार लागतो. बांधून झाल्यावर वरून पांढऱ्या पॉलिथिनची टोपी पंधरा-वीस दिवस. टोपी ठेवून उन्हात ठेवलं तर काडी शिजते. पहिल्या दोन वर्षांचा मोहोर काढायचा, तिसऱ्यापासून घ्यायचा.

कोकम आणि जायफळ: उभी काडी की आडवी

इथे वयाच्या जोडीला दुसरी गोष्ट येते. काही झाडांत काडीला आपली दिशाही आठवते. कोकम आणि जायफळ ही त्यातली. मधला शेंडा उभा वाढतो, बाजूच्या फांद्या आडव्या. आडव्या फांदीच्या काडीचं कलम प्रौढ असतं, वेळेवर फुलतं, पण झाड होत नाही: जमिनीला समांतर पसरत झुडूप होतं. उभ्या काडीचं कलम निमुळतं, शंकूसारखं उंच जातं.

अडचण अशी की एका झाडावर उभी काडी मोजकीच मिळते आणि आडव्या भरपूर. त्यामुळे बाजारात आडव्यांची कलमं जास्त. नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ लावणाऱ्याने हे विचारूनच घ्यावं. पसरट जायफळ सुपारीच्या ओळीत माणसाला चालू देत नाही. आडवीच कलमं हाती आली असतील तर अंतर वाढवा, काठीचा आधार द्या, खालच्या फांद्या दरवर्षी उचलून छाटा.

आणि ही कलमं घेण्याचं खरं कारण लवकर फळ एवढंच नाही. दोन्हींत नर आणि मादी झाडं वेगळी. बियांची रोपं लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते सहा-आठ वर्षांनी फूल आल्यावरच कळतं. मादी झाडाच्या काडीचं कलम मादीच. कोकमाच्या बागेत परागासाठी दहा टक्क्यांच्या आसपास नर कलमं मुद्दाम ठेवतात. बियांच्या रोपांची जुनी बाग असेल तर नर झाडं उपटू नका. खोड छाटून येणाऱ्या फुटीवर मादीची काडी बांधा.

गुटी: काडीला तिचीच मुळं

लिंबू, पेरू, जाम यांना गुटी सोपी. पेन्सिलएवढ्या जाड, वर्षभराच्या फांदीवर अडीच-तीन सेंटिमीटर रुंद सालीचं वळं काढा. खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जोडली जाते आणि मुळं फुटतच नाहीत. गुटी फसण्याचं नंबर एकचं कारण हेच. वरच्या कडेला मूळफुटीचं संजीवक लावा, ओलं शेवाळ मुठीएवढं बांधा, पारदर्शक पॉलिथिनने दोन्ही टोकं आवळा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. कापताना एकदम नको: आधी अर्धा काप, आठवड्याने उरलेला. निम्मी पानं काढून सावलीत पिशवीत ठेवा.

गुटीचं लिंबू पहिल्याच वर्षी फुलू शकतं, कारण त्याची फांदी झाडावर आधीच फुलत होती. पण त्याला सोटमूळ नसतं. जांभ्याच्या थोड्या मातीत, समुद्राच्या वाऱ्यात ही मोठी उणीव आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत बागा आडव्या केल्या, तेव्हा मुळं किती खोल आहेत हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. घराच्या आडोशाला गुटी ठीक. उघड्या कातळावर आंबा-काजू करायचा असेल तर कोय किंवा बी जागेवरच पेरा, सोटमूळ फटीत उतरू द्या आणि पुढच्या हंगामात त्या जागच्या रोपावर कलम बांधा. एक वर्ष उशीर, पण झाड पक्कं. अंगणातला सोनचाफाही असाच: बियांचा फुलायला वर्षानुवर्षं घेतो, कलमाचा पहिल्या वर्षीच सुगंध देतो, मात्र वाऱ्याच्या तोंडी लावू नये.

मिरवेलीचा एक प्रकार

मिरीच्या एकाच वेलीवर तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. जमिनीवर धावणाऱ्या, झाडावर मुळांनी चिकटून चढणाऱ्या, आणि त्यांच्यावरच्या आडव्या, ज्यांना मिरी लागते. धावत्या वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावले तर जूनला वेल तयार, पण उत्पादन तिसऱ्या वर्षाच्या पुढे. आडव्या फळफांदीचा तुकडा मात्र कधीच वेल होत नाही. त्याचं कुंडीत मावेल असं झुडूप होतं आणि ते वर्षभरात मिरी धरतं. याची मुळं हळू फुटतात, चिकाटी लागते. झुडपातून मध्येच लांब धावती फूट निघाली तर लगेच छाटा, नाहीतर झुडपाची वेल होते.

बालपण हवं असतं तेव्हा

लाकडासाठी झाड लावताना हिशेब उलटा. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. शेंडा फुलला की खोड दुभंगतं. म्हणजे जितकं उशिरा फुलेल तितकं सरळ, लांब खोड मिळेल. म्हणून सागाचे सरळ वाण वाढवताना फांदीची काडी नको. झाड तोडल्यावर बुंध्यावर आलेले धुमारे घ्या. ते बाळ असतात, मुळंही त्यांनाच सहज फुटतात. अशी फूट मिळवण्यासाठी मातृझाडं वारंवार जमिनीलगत छाटून ठेवतात. काही लाकूडझाडांत प्रौढ काडी पुन:पुन्हा कोवळ्या खुंटावर बांधली किंवा ऊतिसंवर्धनातून वारंवार वाढवली की तिचं बालपण काही अंशी परततं.

नीरफणस याच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्याला बी नसतं, मुळाच्या वीतभर तुकड्यावरून किंवा मुळातून आलेल्या पिलावरून वाढवतात. मुळातून निघालेली फूट नव्याने घडलेली, म्हणून तिला फळायला गुटीपेक्षा जास्त थांबावं लागतं. पण झाड डौलदार होतं. घाई असेल तर गुटी, जागा आणि धीर असेल तर मुळाचं रोप.

लावल्यानंतर

कलम वयात आलेलं असलं तरी अंगाने लहान असतं. मोहोर येतो म्हणून ठेवला तर चार फळांसाठी पूर्ण वर्षाची वाढ जाते, कधी फांदीच मोडते. हापूसचा पहिल्या तीन-चार वर्षांचा मोहोर बोटभर झाला की हाताने खुडा, खालचा डोळा न दुखवता. तिथूनच पालवी येते. याच कारणाने कल्टारसारखं मोहोर आणणारं औषध लहान कलमाला देऊ नये.

दुसरं काम खुंटावरच्या फुटीचं. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सांध्याखाली बघा. खालची फूट बाळाच्या जोमाने वाढते आणि वरच्या हापूसला मागे टाकते. नखाने खुडता येईल तेव्हाच काढा. कापली तर डोळा राहतो आणि दोन फुटी येतात.

'आठ वर्षं झाली, कलम फळत नाही' अशी तक्रार कानावर आली की आधी सांधा शोधावा. बुंध्याशी बसून साल ओल्या फडक्याने पुसा. जुन्या कलमावर आडवी गाठ, सालीच्या पोतात फरक किंवा खोडाला हलकासा कोन दिसतो. सगळं खोड त्या गाठीच्या खालून निघालं असेल आणि बाजूला वाळलेल्या काडीचा तुकडा राहिला असेल, तर हापूस पहिल्याच वर्षी मेला होता आणि आठ वर्षं रायवळला खत घातलं गेलं. अशा वेळी झाड उपटू नका. उन्हाळ्याच्या शेवटी खोड कमरेएवढ्या उंचीवर छाटा, कापावर बोर्डो मलम लावा, आलेल्या फुटींपैकी चारी दिशांच्या चार-पाच ठेवा. त्यांचा देठ तांबूस असताना रंगाचा पट्टा मारलेल्या झाडाची काडी प्रत्येकीवर बांधा. दोन लागल्या तरी पुरे. बाकीच्या फुटी त्या दोन वाढेपर्यंत सावलीसाठी राहू द्या आणि पुढच्या मिरगाआधी काढून टाका.